पाच हजारांच्या वर

खोकं आठ दिवसांपासून शिलाई मशीनवर आहे.
आत ॲल्युमिनियमचे चार नळे, आखूड, सरळ,
आंदणातल्या भांड्यांसारखे चकचकीत.
घरात सांगितली ती किंमत अर्धी होती.

गाडी दोन सीटांची, लाल.
नागपूरच्या एका डॉक्टरच्या पोराकडून घेतली.
तो कॅनडाला गेला. किल्ली देताना
बॉनेटवर हात ठेवून जरा थांबला होता.
इकडे, हिंगणघाटच्या अलीकडे,
तिला सगळे बेडकी म्हणतात.

इस्राईल मिस्त्री म्हणाला,
बसवून देतो, चार तासांचं काम हाय.
पण आयका भाऊ, याचा दम सारा वरचा.
इंजिन पाच हजारांच्या वर गेलं का मंग पाहा मजा.
खाली मात्र आता हाय त्याहून सुस्त होईन.
मग बिडी विझवली आणि विचारलं,
तुमी पाच हजारांच्या वर जाता कुठं?

मी मोजलं.
गावापासून जिनिंगपर्यंत सहा किलोमीटर.
चौदा गतिरोधक, पैकी नऊ लोकांनीच घातलेले,
एक खचलेला पूल,
पारबताबाईच्या म्हशी, ज्यांची वेळ ठरलेली नाही,
आणि दिवाळीनंतर फाटकापासून मागे
कापसाच्या ट्रॅक्टरांची रांग.
सरळ रस्ता एकच, कालव्यापासून वीज उपकेंद्रापर्यंत.
अकराशे मीटर.
पाच हजारांच्या वर मी तिथं राहू शकतो
नऊ सेकंद.

नऊ सेकंद काही कमी नसतात.

हवेतलं मला कळतं.
बावीस वर्षं जिनिंगमध्ये फिटर आहे.
कापूस आम्ही हातानं उचलत नाही, हवेनं उचलतो.
पत्र्याच्या नळात वळण आलं की हवा दमते,
कापूस तिथंच ठाण मांडतो,
मग मी शिडी लावतो, नळाला कान लावतो,
कुठं अडलंय ते ऐकतो.
लांब नळातून हवा सावकाश येते, पण पोटभर येते.
आखूड नळातून धावत येते,
आणि धावायला मिळालं नाही तर रुसते.

काल रात्री जुनं मॅनिफोल्ड खोललं.
नुसतं पाहायला, असं स्वतःला सांगून.
आत काजळी, तेलाचा चिकटा,
आणि चिकट्यात रुईचे तंतू.
जिनिंगची रुई फिल्टर ओलांडून इथवर आली होती,
माझ्या छातीत येते तशीच.
एकेका नळाला तोंड लावून फुंकलं.
पहिला मोकळा. दुसरा मोकळा.
तिसऱ्यात फुंकर अडखळली.
बोट घातलं तर ओतकामाची एक कडा,
नखाएवढी, कारखान्यातच राहून गेलेली.
म्हणजे बेडकी जन्मापासून
एका सिलिंडरनं जराशी उपाशी होती
आणि डॉक्टरच्या पोरालाही बोलली नव्हती.

गोल कानस घेतली.
दोन वाजता कुंदा उठून आली,
काही न विचारता टॉर्च धरला.
अजून डावीकडे, म्हणाली. तिथं चमकत नाही.
मग म्हणाली,
उद्या माही मशीन खाली करा,
शाळेचे साठ गणवेश हायेत.

सकाळी पुलावर दुसऱ्या गिअरमध्ये ती घुमली,
खालचा, जाड आवाज.
मी दिसायच्या आत उईकेनं फाटक उघडलं,
नेहमीसारखं.
बेडकीचा खोकला गेला वाटते, म्हणाला.

खोकं परत पाठवायची मुदत मंगळवारपर्यंत होती.
मशीनवरून ते मी काढलं आहे,
पलंगाखाली सरकवलं आहे.
आज गुरुवार.
कुंदा झाडते तेव्हा झाडू त्याला लागतो,
ती झाडू बाजूनं वळवते, किंमत विचारत नाही.

साडेसहानंतर कालव्याच्या रस्त्यावर
म्हशीही नसतात.
हे मी सहज पाहून ठेवलं आहे.